नाविकांची खुर्ची

फेरीबोट उलटली त्यात योम मी-ओकचा नवरा गेला. बोटीत माल फार भरला होता आणि ती तपासणारा माणूस बोटमालकांच्या संघाचा पगारी नोकर होता. तेव्हा आमच्या तोंगयोंग बंदरातून पहिला आवाज उठवला तो म्हाताऱ्या कप्तान तक मान-होने. तो आणि मी-ओक मंत्रालयाच्या पायऱ्यांवर थंडीत बसून राहिले. शेवटी तपासणीचं काम संघाकडून काढून सागरी सुरक्षा प्राधिकरणाकडे दिलं गेलं आणि त्याच्या मंडळावर नाविकांना एक जागा मिळाली. मी-ओकनेच मान-होला तिथे बसवलं.

वर्षभरात मालकांनी प्रस्ताव आणला: लहान बोटींची तपासणी पुन्हा संघाकडे द्यावी. मतं समसमान पडली. मान-होचं तेवढं राहिलं होतं. त्याने प्रस्तावाच्या बाजूने हात वर केला.

मी-ओकने त्याला बाहेर गाठलं. "कप्तानदादा, हात चुकून वर गेला का?"

"आत बसल्यावर कळतं गं. बोटी ढीगभर, तपासायला माणसं नाहीत."

"मग माणसं मागायची! त्यासाठीच तर बसवलं तुम्हाला."

"तू भावनेच्या भरात बोलतेस."

"आणि त्या पायऱ्यांवर माझ्याआधी रडलं कोण?"

तो काही बोलणार, तोच संघाच्या अध्यक्षाने लिफ्टचं दार धरून हाक मारली, "चला तक साहेब, सूप गार होतंय." मान-हो खाली मान घालून आत शिरला.

आम्ही नाविकांच्या युनियनच्या खोलीत जमलो. सगळे एकच ओरडत होते, "काढून टाका त्याला!"

"मुदत संपेपर्यंत त्याला कोणीच काढू शकत नाही," मी-ओक म्हणाली. "तो नियम मीच भांडून घालून घेतला. मला वाटलं, मालक दबाव आणून आपल्या माणसाला घालवतील."

मग ती भिंतीकडे तोंड करून ढसाढसा रडली. नवऱ्याच्या अंत्यविधीतही आम्ही तिला असं रडताना पाहिलं नव्हतं.

मुदत संपल्यावर आम्ही तिलाच निवडून दिलं. पहिल्या बैठकीत मान-हो समोर होता, संघाचा सल्लागार म्हणून. "आलीस? बरं झालं," असं म्हणत त्याने सातूच्या चहाचा पेला तिच्यापुढे सरकवला. तिने त्याला हातसुद्धा लावला नाही. तपासणी संघाकडून परत घेण्याचा प्रस्ताव तिने मांडला आणि तो पडला. पुढच्या बैठकीसाठी तिने तोच पुन्हा दिला.