निळी रेघ

कडं तसं लहानच, राखाडी, नळीवर घट्ट बसवलेलं... पण सकाळपासून चौथ्यांदा त्याच्याकडे बघताना डॉक्टरांना वाटलं, तेच आपल्याला न्याहाळतंय. आतड्याची तपासणी करताना डॉक्टर नळी किती जोरानं ढकलतात, किती पिळतात, ते म्हणे हे कडं मोजतं. "मोजा की!" असं डॉक्टरच हसत म्हणाले होते. तीस वर्षं ज्याच्या हलक्या हाताचं नाव घेतलं जातं त्यानं कशाला घाबरायचं?

आणि आता पडद्यावर चार डॉक्टरांच्या जोराच्या चार रेघा. तीन तळालगत. चौथी निळी, आतड्याच्या प्रत्येक वळणाशी ताडकन उठलेली.

"सर, निळी तुमची," कडं बसवायला आलेली अभियंता बाई चाचरत म्हणाली. "कडं सैल असेल कदाचित... पुन्हा लावून बघू?"

"नको. त्या बिचाऱ्याला कशाला नावं ठेवायची."

हसून म्हणाले खरे, पण नजर पहिल्या वळणावरच अडकली होती. तीन वर्षांपूर्वी माझा दादा याच टेबलावर, याच कुशीवर... "गुंगीचं इंजेक्शन नको रे, तू आहेस ना," म्हणाला होता, आणि मी, धाकटा, फुशारून गेलो होतो. याच वळणाशी त्यानं श्वास रोखला, टेबलाची दांडी धरली. मी म्हणत राहिलो — झालंच दादा, झालंच — आणि ढकलत राहिलो. नंतर सदऱ्याची बटणं चुकीची लावत तो म्हणाला, "छे, कळलंसुद्धा नाही." मी ते खरं मानलं. माझ्या सोयीचं होतं ना ते!

दोन बारीक गाठी काढल्या होत्या; वर्षानं पुन्हा बघायचं ठरलं होतं. मग कधी त्याचा गुडघा, कधी पाहुणे, कधी आणखी काही. भरल्या पंगतीत मी त्याची टर उडवली, "एवढा बाप्या माणूस, नळीला घाबरतो!" सगळे हसले. तोही हसला.

काल वहिनीचा फोन आला. "भावजी, पुन्हा रक्त जातंय त्यांना. तुम्हाला सांगू नको म्हणालेत."

सिस्टर चादर बदलत होत्या. तपासणी चालू असताना त्या पेशंटचा हात धरून उभ्या राहतात. किती मायाळू बाई, असं डॉक्टरांना नेहमी वाटायचं.

"सिस्टर, पेशंटचा हात सगळ्याच डॉक्टरांच्या वेळी धरता का हो?"

त्यांनी चादरीची सुरकुती सारखी केली. "नाही सर. तुमच्याच."

बोलण्यात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

डॉक्टरांनी फोन लावला. उद्याच ये म्हणायचं. मी नाही करणार, तळालगतच्या तीन रेघांमधलं कुणीतरी करील. पण का, ते सांगावं लागेल... आणि एवढं सांगूनही उशीर झालेला असला तर?

"बोल रे," पलीकडून दादा.

"दादा, वहिनींनी सांगितलं मला."

जिभेवर सवयीचेच शब्द आले होते — काही होत नाही रे, दोन मिनिटांचं काम. ते डॉक्टरांनी गिळले. पलीकडे दादानं श्वास रोखला होता, तसाच, त्या वळणावरचा. तो सुटेपर्यंत डॉक्टर थांबले.