तळं आखणारी दोरी

मित्रांनो, मी एक जुनी दोरी आहे. पण जुनी म्हणजे निकामी, असं मात्र समजू नका.

नांदगावकडच्या बांधावरच्या घायपाताच्या पानांतले धागे, म्हणजे वाख, काढून धोंडीरामबाबांनी मला मांडीवर वळलं. पुष्कळ वर्षं मी विहिरीतून पोहरा ओढला. "ही दगा द्यायची नाही," असं बाबा चारचौघांत सांगत. पुढे गावात नळ आला, बाबा देवाघरी गेले, आणि त्यांच्या मुलाने, दीपकने, मला नाशिकच्या घरी आणून खुंटीला टांगलं. तिथे मी नुसती धूळ खात होते.

या चैत्रात दीपकने मला खाली काढलं. त्याला घरामागे कमळांचं, माशांचं तळं करायचं होतं. सातपूरच्या कारखान्यातल्या एका मित्राचं बघून आल्यापासून त्याला मोठंच हवं होतं. त्याने मला जमिनीवर पसरून तळं आखलं. बारा फूट लांब, आठ फूट रुंद! माझी कड थेट औदुंबराच्या बुंध्याला टेकली.

त्याच औदुंबराला दीपकची बायको ललिता रोज सकाळी अकरा प्रदक्षिणा घालते. त्या पुऱ्या होईपर्यंत पाण्याचा घोट नाही की तोंडातून शब्द नाही. बारा वर्षांचा नेम आहे तिचा.

"अहो, माझी वाट?" तिने हळूच विचारलं.

"अगं, करू काहीतरी," दीपक म्हणाला. तिने वाद घातला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पेठचा गोटीराम खणायला आला. ललिताच्या फेऱ्या चालू होत्या. दर फेरीला ती मला ओलांडून आत येई, ओलांडून बाहेर जाई. गोटीराम बघत राहिला.

"दादा, उद्यापासून वहिनीला होडी लागंल!"

दीपक हसला. "अरे, तिच्या वाटेपुरती पाण्यावर फरशी टाकू."

"आन् मुळ्या? त्या तोडाव्या लागतील. मी नाय औदुंबर तोडायचा. दुसरा माणूस बघा."

दीपकचं हसू मावळलं. तेवढ्यात सातव्या फेरीला ललिताचा पाय माझ्यात अडकला. ती सावरली, वाकली, पाय लागला म्हणून मला हात लावून नमस्कार केला आणि मुकाट्याने पुढे निघाली. दीपकने ते पाहिलं. तो खजील झाला.

"राहू दे. परातीएवढं करू," तो पुटपुटला.

"तसं बी नको," गोटीराम म्हणाला. "उथळ पाण्यात वैशाखात मासं शिजतील."

अकरावी फेरी पुरी झाली. ललिता पाणी प्यायली आणि तिने स्वतः माझं टोक उचललं. दोन्ही हात पसरून बुंध्यापासून एक वाव अंतर सोडलं.

"इथून पुढे तुमचं. सहा बाय पाच पुरे. हौसच असेल तर खोल जा, मांडीइतकं."

"पण त्या मित्राचं बारा फुटी आहे गं."

"त्यांच्याकडे औदुंबर आहे का?"

गोटीराम खो खो हसला आणि दीपकने मान डोलावली. ललिताने नव्या रेषेवर हळदकुंकू वाहिलं, मग कुदळ पडली.

मित्रांनो, खणलेला खड्डा सरकत नाही, मी सरकते. म्हणून काहीही खणण्याआधी आम्हा दोऱ्यांना चार दिवस जमिनीवर राहू द्या. घरातलं सगळ्यांत कमी बोलणारं माणूस त्या रेषेतून कसं चालतं, ते नीट बघा. आणि काम झालं की आम्हाला ओलीत टाकू नका. माती झटकून, वेटोळं करून कोरड्या जागी टांगा. अजून पुष्कळांच्या वाटा राखायच्या आहेत मला.