सुट्टीत वाढलेली सरासरी

सकाळपासून रस्त्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. रस्त्याच्या एका अंगाला जुन्या विद्यापीठाचं फाटक, दुसऱ्या अंगाला नव्याचं, आणि दोन्ही फाटकांवर भिंतीएवढे बोर्ड. इतर गावांत बोर्डावर विद्यापीठाचं नाव मोठं असतं. इथं नाव बारीक आणि सरासरी मोठी. आमच्या पोरांचे सरासरी गुण एवढे, तुमच्या पोरांचे एवढे, असं हे एकमेकांना वाकुल्या दाखवणं वर्षानुवर्षं चाललेलं. पलीकडचा आकडा घसरला की अलीकडच्या कॅन्टीनमध्ये चहा फुकट मिळायचा.

आज मात्र दोन्ही कॅन्टीनमध्ये चहा फुकट होता. जुन्याचा आकडा एकसष्टवरून त्रेसष्टवर गेला होता, नव्याचा अठ्ठेचाळीसवरून पन्नासवर. आणि तोही केव्हा, तर सुट्टीत. पोरं घरी लोळत होती, वर्गांना कुलपं होती, पेपर नाही की तपासणी नाही, आणि गुण वाढले. आयांनी पोरांना बोर्डाखाली उभं करून फोटो काढले. एका गृहस्थांनी तर बोर्डाच्या खांबाला हात लावून तो मुलाच्या कपाळाला लावला.

"परीक्षेशिवाय गुण वाढवून दाखवतो, असं म्हणाला होता ना तो? दाखवले," गर्दीतला कोणीतरी म्हणाला.

तो म्हणजे परीस. हुद्दा गुणवत्ता सल्लागार, पण हे नाव कोण घेतो? हात लावला की सोनं, म्हणून सगळे परीसच म्हणायचे. करडा सूट, अर्धे मिटलेले डोळे, आवाज असा की शेजारच्यालाही पुढं वाकावं लागावं. जन्माचे वैरी असलेले दोन कुलगुरू त्यानं एका टेबलाशी बसवले होते. लोकांना खरं तर तिथंच चमत्कार वाटला होता.

"मी शिकवत नाही," तो भर सभेत म्हणाला होता. "शिकवणं हे मागच्या काळातलं काम. मी दिशा लावतो. प्रत्येक मुलाची एक दिशा असते. दिशा चुकली की गुण तुंबतात. दिशा लागली की गुण वाहतात." आणि पुढच्या रांगेतले प्राध्यापक, चांगले शिकलेसवरलेले, हे वहीत उतरवून घेत होते.

दिशा लावायची पद्धतही बघण्यासारखी. परीस जुन्या विद्यापीठाच्या वर्गात शिरायचा, डोळे मिटायचा, बाकांमधून हळूहळू चालायचा आणि एखाद्या डोक्यावर हात ठेवून म्हणायचा, "तू पलीकडची." झालं. ती पोरगी रस्ता ओलांडून नव्या विद्यापीठात. तिचं नाव तिकडे, तिचे मागच्या परीक्षेचे गुणही तिकडे. सुट्टी लागायच्या तोंडावर पहिल्या खेपेला अशी बरीच पोरं गेली आणि सुट्टीत दोन्ही बोर्ड वर सरकले.

या गर्दीतून वाट काढत जुन्या विद्यापीठात शिरणाऱ्या बाई संख्याशास्त्र शिकवायच्या. पायरी चुकली की अर्धा गुण कापायच्या, म्हणून पोरांनी त्यांचं नाव वजाबाई ठेवलं होतं. त्यांना ते ठाऊक होतं आणि राग नव्हता. राग आज होता, आणि तो बोर्डाचा नव्हता. सुट्टी संपताच झालेल्या दुसऱ्या खेपेत परिसानं त्यांच्या भाचीच्या डोक्यावर हात ठेवला होता.

भाची रक्त तपासायला शिकत होती. जुन्या विद्यापीठात बाकी काही धड नसेल, पण ती प्रयोगशाळा चांगली होती. प्रत्येकाला स्वतःचा मायक्रोस्कोप, आणि डोक्याशी उभं राहून "पुन्हा बघ, ही पेशी कसली?" म्हणून पिडणाऱ्या एक खडूस बाई. नव्या विद्यापीठात बारा जणांत एक मायक्रोस्कोप. भिंतींना रंग मात्र सुरेख.

संध्याकाळी वजाबाई ताईकडे, म्हणजे भाचीच्या आईकडे, गेल्या. ताई औषधांच्या दुकानात कामाला होती; नुकतीच येऊन भाजी चिरत बसली होती.

"पाठवू नकोस तिला," वजाबाई म्हणाल्या.

"का पाठवू नको?" ताईनं सुरी थांबवली नाही. "तिला सत्तावन्न आहेत. इथं ती मागची. रोज ऐकून घेते, तुझ्यासारख्यांमुळं आपला आकडा खाली येतो. तिकडं गेली की पहिल्या दिवशी वरच्या अर्ध्यात."

"आणि तिला येईल काय?"

"तुला शिकवायचाच नाद. त्याचा गुण येतोय हे अख्ख्या गावानं पाहिलं. तू तेवढी शहाणी."

भाची दारात उभी होती. तिनं खाली बघत विचारलं, "मावशी, माझ्यामुळं खरंच आकडा खाली येतो?"

येत होता, हेच खरं होतं. त्रेसष्टच्या सरासरीत सत्तावन्नवाली बसली की आकडा जरासा खाली येणारच. पण हे एखाद्या पोरीनं स्वतःबद्दल असं मान खाली घालून विचारावं, याची त्यांना भयंकर चीड आली.

"ताई, भावजींचं रक्त आठवतं?" त्या म्हणाल्या. सुरी थांबली. ताईच्या नवऱ्याचा आजार पहिल्या तपासणीत कळायला हवा होता. मायक्रोस्कोपखाली त्याच्या रक्ताची स्लाइड वाचणाऱ्यानं सगळं ठीक आहे असं लिहिलं, आणि ठीक नव्हतं हे कळेपर्यंत फार उशीर झाला. "ती स्लाइड ज्यानं वाचली ना, तोही कुठल्यातरी वर्गात सरासरीच्या वरच असेल."

ताईनं सुरी खाली ठेवली. डोळे पुसून म्हणाली, "मग हा वाढलेला आकडा खोटा आहे का? तेवढं सांग. खोटा असेल तर नाही पाठवत."

पंचाईत इथंच होती. आकडा खोटा नव्हता. वजाबाईंनी बेरीज तपासली होती, भागाकार तपासला होता. गुण खरे, माणसं खरी, उत्तर बरोबर.

घरी जाताना त्या गेलेली पोरं एकेक करून आठवत राहिल्या. त्यांच्याच वर्गातली होती ती. बावन्नवाला, पंचावन्नवाली, एकोणसाठवाला. सगळे मधले. वर्गात एकतीस गुणांचा एक मुलगा होता, ज्याला खरोखर कुणाच्या तरी हाताची गरज होती. त्याच्या डोक्यावरून परिसाचा हात तापलेल्या तव्यावरून सरकावा तसा सरकला होता. डोळे मिटून चालणाऱ्याला एकतीसवाला बरा दिसला? आणि सत्तरवाल्याची दिशा कधीच कशी चुकत नाही? गेलेल्यांतला एकही अठ्ठेचाळीसच्या खाली नव्हता, एकही एकसष्टच्या वर नव्हता. वजाबाई रस्त्यातच थांबल्या आणि स्वतःशी कडवट हसल्या. आपण जन्मभर हेच शिकवतो आणि आपल्यालाच दिसायला एवढा वेळ लागला.

परिसाचा सत्कार जुन्या विद्यापीठाच्या मोठ्या सभागृहात होता. दोन्ही कुलगुरू शेजारी शेजारी, फुलांचे गुच्छ, टाळ्या. संख्याशास्त्राच्या बाई या नात्यानं वजाबाईंना दोन शब्द बोलायला सांगितलं होतं. आकड्यांना आकड्यांच्या माणसाचा दुजोरा हवा होता.

वजाबाई माइकशी आल्या आणि पिशवीतून उंची मोजायची टेप काढली.

"मी सुद्धा एक चमत्कार करून दाखवते," त्या म्हणाल्या. "डोळे उघडे ठेवून."

लोक हसले. त्यांनी सभागृहातून सहा जणांना वर बोलावलं. उजवीकडे तीन उंच: खेळाचे सर, ग्रंथपाल आणि भाची. डावीकडे तीन बुटके. भाचीनं उंची मोजून सांगितली, फळ्यावर आकडे पडले. उजवीकडे एकशे ऐंशी, एकशे पंचाहत्तर आणि भाचीची एकशे एकसष्ट. सरासरी एकशे बहात्तर. डावीकडे एकशे अठ्ठावन्न, एकशे पन्नास, एकशे अठ्ठेचाळीस; सरासरी एकशे बावन्न.

"आता मी डोळे मिटते," वजाबाई म्हणाल्या, आणि आवाज बारीक करून, हात पुढं करून भाचीच्या डोक्यावर ठेवला. "मुली, तुझी दिशा चुकली आहे. तू पलीकडची."

सभागृह खिदळलं. परीस हसला नाही. भाची दोन पावलं चालून डावीकडच्या रांगेत गेली. वजाबाईंनी पुन्हा भागाकार केला. उजवीकडे उरलेल्या दोघांची सरासरी एकशे साडेसत्याहत्तर. डावीकडे चौघांची एकशे चोपन्नच्या वर.

"दोन्ही वाढल्या," त्या म्हणाल्या. "टाळ्या वाजवा." काहींनी वाजवल्यासुद्धा. "आता मला सांगा, या सहा जणांत कुणाची उंची वाढली?"

खेळाच्या सरांनी स्वतःकडे बघितलं.

"उजव्या रांगेत ही सगळ्यांत बुटकी, म्हणून ती गेली की तिथली सरासरी वाढते. डाव्या रांगेत हीच सगळ्यांत उंच, म्हणून ती आली की तिथलीही वाढते. परीक्षा नको, अभ्यास नको, मास्तर नको. एकसष्टच्या खालचा पण अठ्ठेचाळीसच्या वरचा कोणीही उचला आणि रस्ता ओलांडायला लावा, दोन्ही बोर्ड चढतात. परीस डोळे मिटतो ते खरं, पण गुणांचे तक्ते वाचून झाल्यावर. गेलेल्यांतला एक तरी या दोन आकड्यांच्या बाहेरचा दाखवा, मी आत्ता नोकरी सोडते."

परिसानं माइक घेतला. आवाज तसाच मऊ. "बाई आकड्यांत अडकल्या. मुलं म्हणजे उंची नव्हे. जिथं विश्वास असतो..."

"मला विचारा ना," भाची म्हणाली. ती अजून डाव्या रांगेत उभी होती. "मुलं म्हणजे काय ते मला विचारा. मला मागच्या महिन्यात एक पेशी ओळखता येत नव्हती. आता येते. कारण प्रयोगशाळेतल्या बाईंनी मला तीच स्लाइड रोज बघायला लावली. तुम्ही हात ठेवलात तेव्हा मला काहीच आलं नाही. मला नाही जायचं." आणि ती उजव्या रांगेत परत जाऊन उभी राहिली.

मागच्या रांगेतून ताई उठली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "ती जाणार नाही. मी आई आहे तिची."

जुन्या विद्यापीठाचे कुलगुरू घाईघाईनं उठले आणि चहा तयार असल्याचं त्यांनी जाहीर केलं. लोक बाहेर पडले. निम्मे फळ्याकडे बघत, निम्मे चहाकडे.

बाहेर व्हरांड्यात कुलगुरूंनी वजाबाईंना बाजूला घेतलं. वजाबाईंना वाटलं, आता हे खजील होऊन काहीतरी म्हणतील.

"बाई, एवढा तमाशा कशाला केलात?" ते म्हणाले. "मला येऊन सांगितलं असतं."

"म्हणजे तुम्हाला कळलं असतं?"

"कळायचं काय त्यात? मी गणित शिकलोय. पहिल्याच बैठकीत लक्षात आलं माझ्या." त्यांनी कपातून एक घोट घेतला. "बोर्ड वाचणारे लोक भागाकार करत नाहीत, बाई. आणि पलीकडच्यांना तरी कुठं माहीत नव्हतं?"

चमत्काराला फसणाऱ्यांची वजाबाईंना आजवर कीव यायची. फसवलं जातंय हे ओळखून पुढच्या रांगेत बसून टाळ्या वाजवणाऱ्यांचं काय करायचं, हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं.

पलीकडे पाठवायच्या यादीतून भाचीचं नाव कापलं गेलं, तेवढं झालं. आईनं भर सभेत नकार दिल्यावर तिला कोण ओढून नेणार? दुसरी खेप गुपचूप थांबली. परीस दुसऱ्या शहरात गेला, तिथं तीन विद्यापीठं आहेत म्हणे, तिथं त्याला आणखी वाव. त्रेसष्ट आणि पन्नास हे आकडे मात्र दोन्ही बोर्डांवर आहेत तसेच आहेत. कमी कोण करणार?

आणि पहिल्या खेपेतली पोरं? ती परत येऊ शकली नाहीत. जागा भरल्या, नियम बसत नाही, असं त्यांना सांगितलं गेलं. त्यांतली, भाचीसारखीच रक्त तपासायला शिकणारी पंचावन्नवाली मुलगी परवा वजाबाईंना रस्त्यात भेटली.

"बाई, मी तिकडं वर्गात पाचवी आहे," ती म्हणाली. "घरचे फार खूश आहेत." मग म्हणाली, "पण स्लाइड वाचता येत नाही मला. पुढच्या वर्षी दवाखान्यात लागेन. तिथं कुणाचं तरी रक्त माझ्यासमोर येईल, तेव्हा मी काय करू?"

आता तुम्हीच सांगा तिला काय सांगायचं ते. निदान पुढच्या वेळी एखाद्या फाटकावर आकडा वाढलेला दिसला, तर टाळी वाजवण्याआधी एवढं विचारा: आत कोण आलं, बाहेर कुणाला काढलं, आणि मधल्या काळात कोण काय शिकलं? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर मिळालं नाही, तर तुमचं पोर त्या फाटकातून आत पाठवू नका.