तीनदा ओढलं की मजेत

मी बहिरा नाही, असं मी तेव्हा कोणाचीही शपथ घेऊन सांगायचो. सुरतेतल्या आमच्या डिंडोलीच्या लोकांनाच तोंडातल्या तोंडात बोलायची खोड, त्याला मी काय करू? अठ्ठावीस वर्षं लूम्सच्या खात्यात, म्हणजे कापड विणायच्या कारखान्यात काढली. तिथल्या खडखडाटात कोणाचाच आवाज कोणाला येत नाही, सगळे कारागीर ओठ बघूनच बोलतात. समोर उभं राहून काहीही विचारा, हा सुकलाल बरोब्बर उत्तर देणार.

तर सत्त्याण्णवच्या जानेवारीत आमच्या अश्विनीला नवापूरकडे शाळेत बाईंची नोकरी लागली. खोली गावात, शाळा पाच किलोमीटर आत, म्हणजे सायकल हवीच. अनुसया, माझी बायको, म्हणाली, बसच्या टपावर टाका. मी म्हटलं, टपावर सायकलीचा चुरा होईल, त्यापेक्षा मी आणि अश्विनी दोन सायकली चालवतच जातो.

"सुरतेहून नवापूर? डोकं फिरलंय का तुमचं?"

फिरलं नव्हतं. पोरगी चालली होती आणि मला तिच्याबरोबर अजून दोन दिवस हवे होते. पण हे मी कोणाला बोललो नाही.

निघताना अश्विनीने सुताला पीळ देऊन केलेली लांब दोरी काढली. एक टोक माझ्या दंडाला बांधलं, दुसरं मागून येणाऱ्या तिच्या हँडलला.

"नाना, एकदा ओढलं की मागून गाडी आली, कडेला घ्या. दोनदा ओढलं की थांबा. फार ताण पडला तर दोरी तुटेल, तुम्ही नाही पडणार."

"मला हॉर्न ऐकू येतात!"

"येतात ना, कोण नाही म्हणतंय?" म्हणत तिने गाठ आवळली.

पहिला दिवस असा झकास गेला म्हणता! थंडी, वारा पाठीवर, गाड्यांतून सांडलेला ऊस उचलायचा आणि खायचा. बारडोलीला ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि ठेच्याची शिदोरी सोडली. हिसका बसला की मी निमूट कडेला. मध्येच एकदा तीन हिसके बसले. मी थांबून मागे वळलो.

"तीनदा म्हणजे काय?"

"काही नाही. मजा येतेय."

"येडी का खुळी!" म्हटलं खरं, पण मग मी त्या तीन हिसक्यांची वाटच बघायला लागलो. व्याऱ्याला गाववाल्याकडे मुक्काम केला.

दुसऱ्या दिवशी सोनगडला चहा पिताना टपरीवरचा एक जण हसला. "काका, तमने बळदनी जेम बांध्या छे के शुं?" झालं! बैलासारखं बांधलंय म्हणतो! माझं डोकं सणकलं. गाठ सोडली, दोरी खिशात कोंबली. अश्विनी नको नको म्हणत राहिली. "गप चल. बाप आहे मी तुझा."

अर्ध्या तासाने मी गाणं म्हणत चाललो होतो, रस्त्याच्या पार मधून. एकदम उजवीकडून अश्विनी आली आणि तिने मला खांद्याने ढकललं. दोघंही सायकलींसकट कडेच्या मातीत पडलो, आणि आम्हाला घासून उसाचा ट्रक निघून गेला.

तिचा गुडघा फुटला होता. माझ्यासमोर बसून ती रडत ओरडत होती, ओठ थरथरत होते, तरी मला शब्द न् शब्द कळला. "कधीची हाका मारतेय, नाना! तो हॉर्न मारतोय, मी बोंबलतेय आणि तुम्ही गाणं म्हणताय!"

माझा सगळा ताठा उतरला. "नाही येत गं ऐकू," मी म्हणालो. तोंडातून पहिल्यांदाच निघालं. "समोर असलीस की ओठ दिसतात. तू तिकडून फोन करशील, तेव्हा मी कोणाचे ओठ बघू? आपलं बोलणं संपलं, बाई. म्हणून तर तुला सायकलवरून आणली." आणि एवढा मोठा बाप्या मी, भर रस्त्यावर रडलो.

तिने माझ्या खिशातून दोरी काढली आणि परत दंडाला बांधली. नवापूर येईपर्यंत तीन-तीन हिसके किती वेळा बसले, त्याला मोजदाद नाही. येताना माझी सायकल बसच्या टपावर टाकून आणली. तिला काहीसुद्धा झालं नाही.

पहिल्या रविवारी गल्लीतल्या एसटीडी बूथवर तिचा फोन यायचा होता. अनुसयाने तो घेतला आणि ऐकेल तसं माझ्याकडे तोंड करून सांगू लागली. वेळेवर जेवते. गुडघा बरा झाला. पोरं गुणी आहेत. मी मान हलवत होतो. बातम्या सगळ्या कळत होत्या, पण पोरगी माझ्याशी बोलतेय असं काही वाटेना. वाटलं, आता हे असंच चालायचं.

तेवढ्यात अनुसया फोनमध्ये "काय?" म्हणाली, आणि माझी बाही धरून तिने तीन हिसके दिले.

"अश्विनी म्हणते, नानांना तीनदा ओढ. हे काय नवीन खूळ?"

मी तिच्या हातातून फोन घेतला आणि बोलतात त्या बाजूला बोटाने तीनदा ठोकलं. अनुसयाने फोन परत कानाला लावला. "हसतेय," ती म्हणाली.

बूथवाला समोरून ओरडला, "काका, फोन तूटी जशे!" फोन तुटेल म्हणतोय, हे त्याच्या ओठांवर मला स्वच्छ दिसत होतं. पण मी पडलो बहिरा माणूस, मला काय ऐकू येणार? मी आणखी तीनदा ठोकलं.