एकाच हातची पत्रं

प्रतिनिधीबाईंनी आम्हाला गुरुवारी दुपारी तीनची वेळ दिली होती. पंधरा मिनिटं. शुक्रवारी सभागृहात मतदान होतं. पोस्टमन म्हणाला, "आदल्या दिवशी का होईना, बोलावलं तर खरं." पोस्टमन म्हणजे आमच्या गटाचा पुढारी. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी त्याला सगळे पोस्टमनच म्हणतात.

कायदा असा होता की जे लोक परवानगी न घेता देशात शिरले आणि इथेच राहिले त्यांना माफी मिळणार. दंड नाही, परत पाठवणं नाही, उलट कायमचे कागद मिळणार. आमचा गट त्याच्या विरोधात होता. गट माझ्या बायकोने सुरू केला होता. तिला जाऊन तेव्हा नऊ आठवडे झाले होते.

मी काचा कापतो आणि बसवतो. खिडक्या, दारं, दुकानांची दर्शनी तावदानं. दुकानात माझ्याबरोबर आणखी एक जण असतो, माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान. तो कागदांशिवाय आलेला. मालकाला माहीत आहे, मलाही माहीत आहे. मोठी काच एकट्याने उचलता येत नाही. एका टोकाला तो, दुसऱ्या टोकाला मी, अशी आमची सात वर्षं गेली. तो थांबला की मी थांबतो.

गुरुवारी मी जेवणानंतर हात धुवायला लागलो तेव्हा त्याने विचारलं, "निघालात काका?"

"हो. तिकडेच."

"मग मी प्रार्थना कुणासाठी करू, तुमच्यासाठी की माझ्यासाठी?" असं म्हणून हसला. मग म्हणाला, "शर्ट बदलून जा. बाहीला पुट्टी लागलीय. बाईंना वाटेल हा काहीतरी चिकटवायलाच आलाय."

ही, म्हणजे माझी बायको, त्याला रोज माझ्याबरोबर डबा द्यायची. मी एकदा तिला म्हटलं होतं, "एका हाताने त्याला जेवायला घालतेस आणि दुसऱ्या हाताने त्याच्याविरुद्ध पत्रं लिहितेस."

"त्याला भूक लागते म्हणून डबा देते," ती म्हणाली. "पत्रं माझ्या बहिणीसाठी लिहिते. दोन्हींचं काय भांडण आहे?"



तिची बहीण म्हणजे माझी मेहुणी. ही लग्न होऊन इथे आली ती सगळे कागद करून. तिला नागरिकत्व मिळालं त्याच महिन्यात तिने धाकट्या बहिणीसाठी अर्ज भरला. नागरिकाच्या सख्ख्या बहिणीला इथे येऊन राहता येतं, पण त्याला रांग असते. अकरा वर्षं झाली. दरवर्षी एक कार्ड यायचं की आपला अर्ज विचाराधीन आहे. ही ते कपाटाच्या दाराला आतून चिकटवायची. मेहुणीने पहिल्याच वर्षी इथल्या थंडीसाठी जाड कोट घेऊन ठेवला होता. आता त्याची बटणं लागत नाहीत. दर रविवारी सकाळी तिचा फोन येतो. एकदा म्हणाली, "भाऊजी, रांग पुढे सरकत नाही, मीच आडवी सरकतेय." त्यांची आई गेल्यापासून ती तिकडे एकटी आहे.

माफीचा कायदा येतोय हे आम्हाला कळलं. तिसऱ्या दिवशी ही म्हणाली, "तेच परवानग्यांचं कार्यालय, तेच कारकून. आधी यांचे लाखो कागद करणार आणि मग रांगेकडे बघणार. तोवर ती म्हातारी होईल." मग तिने वस्तीतल्या बेकरीवालीला बोलावलं, पोस्टमनला बोलावलं आणि गट झाला.

पोस्टमनने सांगितलं की प्रतिनिधींकडे छापील पत्रं सरळ टोपलीत जातात. सह्यांची यादी कितीही लांब असली तरी एक कागद धरतात. हाताने लिहिलेलं पत्र मात्र एका माणसाचं म्हणून मोजतात. त्याने जन्मभर टपाल वाहिलं होतं, त्यामुळे कुणी शंका घेतली नाही.

पण वस्तीत लिहायला कुणी तयार होईना. कुणाचा चष्मा फुटलेला, कुणाचं अक्षर कोंबडीचे पाय. मग ही म्हणाली, तुम्ही सांगा, मी लिहिते. ही लॉन्ड्रीत काउंटरला होती. कपड्यांना चिठ्ठ्या लावायचं काम तिचं. नाव, नंबर, डाग कुठे आहे ते. तिचं अक्षर सरळ, मोकळं, कुणालाही वाचता येईल असं. दर शनिवारी दुपारी लोक आमच्या स्वयंपाकघरात येऊन बसायचे, बोलायचे, आणि ही लिहायची. शेवटी वाचून दाखवायची आणि सही घ्यायची. एक्केचाळीस पत्रं झाली.

त्याच दिवसांत तिला जिना चढताना दम लागायचा. मध्येच थांबायची आणि म्हणायची, बूट घट्ट होतायत. आम्ही बूट बदलले. मग डॉक्टर केले. शेवटची सात पत्रं तिने इस्पितळात लिहिली. उताणं पडून लिहिताना पेन चालत नाही, म्हणून मी तिला पेन्सिल आणून दिली. मी विचारलं, "आणि तुझं स्वतःचं पत्र?" म्हणाली, "माझं शेवटी." ते राहिलं.

ती गेल्यावर पोस्टमनने मला एक यादी करून दिली. मृत्यूचा दाखला कुठे कुठे पाठवायचा त्याची. बँक, पाणी, वीज, मतदार यादी, लॉन्ड्रीचं कार्यालय, परवानग्यांचं कार्यालय. अकरा ठिकाणं होती. मी अकराच्या अकरा पाकिटं रजिस्टर्ड पोस्टाने पाठवली आणि पावत्या जपून ठेवल्या. ही असती तर तिनेही तसंच केलं असतं.

बाईंच्या कार्यालयात आम्ही तिघं गेलो. पोस्टमन, बेकरीवाली आणि मी. बेकरीवालीने बिस्किटांचा पुडा आणला होता, तो दारावरच्या माणसाने ठेवून घेतला. "परत जाताना द्या हं," ती म्हणाली, "मोजून ठेवलीत." तो जरा ओशाळला.

खोली लहान होती. बाई टेबलामागे बसल्या होत्या आणि बाजूला त्यांचे सचिव, सर्दीने बेजार, दर वाक्याला नाक पुसणारे. पोस्टमनने पाठ केलेलं भाषण सुरू केलं. "बाईसाहेब, आमच्या एका वस्तीतून तुम्हाला एक्केचाळीस पत्रं आली आहेत..."

बाईंनी सचिवांकडे पाहिलं. त्यांनी यादीवरून बोट फिरवलं. "त्या वस्तीतून विरोधाचं पत्र एक."

"एक?"

"एकच."

पोस्टमन म्हणाला, "साहेब, मी स्वतः टाकलीत पेटीत." सचिव उठून आत गेले आणि एक गठ्ठा घेऊन आले. त्याला रबर लावलेलं होतं आणि वर चिठ्ठी होती. मी ती उलटी वाचली. 'हस्ताक्षर एकच. एक धरावे.'

"असे प्रकार होतात," सचिव म्हणाले. "एक माणूस बसतो आणि पन्नास नावांनी लिहितो. म्हणून हा नियम."

पोस्टमनच्या तोंडचं पाणी पळालं. हाताने लिहिलेलं मोजतात, एवढंच त्याने सांगितलं होतं. हात कुणाचा, हे त्याच्या डोक्यात आलं नव्हतं आणि आमच्या कुणाच्याच आलं नव्हतं.

मी म्हटलं, "लिहिलीत माझ्या बायकोने. पण बोलणं ज्याचं त्याचं आहे. कुठलंही काढून वाचा."

बाईंनी वरचंच घेतलं आणि मोठ्याने वाचलं. "'माझ्या दुकानात कुणी रांग मोडली तर मी त्याला पाव देत नाही. तो रडला तरी देत नाही.'"

"हे माझं," बेकरीवाली म्हणाली. "आणि नाहीच देत."

बाई हसल्या. आम्हाला बरं वाटलं. त्यांनी दुसरं काढलं. "'मला या कायद्यातलं फारसं कळत नाही. पण वहिनी कधी खोटं बोलत नाहीत, म्हणून सही करतो.'"

पोस्टमनने कपाळाला हात लावला. हळूच मला म्हणाला, "हे कशाला लिहिलं वहिनींनी?"

"तो तसंच बोलला होता," मी म्हटलं.

बाईंनी पत्रं खाली ठेवली. "मी तुम्हाला अंधारात ठेवत नाही," त्या म्हणाल्या. "उद्या मी कायद्याच्या बाजूने मत देणार आहे. पक्षाचं ठरलंय, आणि मलाही ते पटलंय. एक पत्र असतं काय किंवा एक्केचाळीस असती काय, तेच झालं असतं. पण तुमच्या मेहुणीचा अर्ज कुठे अडकलाय ते बघायला सांगते. नंबर आहे?"

नंबर माझ्या खिशात होता. मी कपाटाच्या दारावरचं शेवटचं कार्ड सोलून आणलं होतं. सचिवांनी परवानग्यांच्या कार्यालयाला फोन लावला, नंबर सांगितला, बराच वेळ हं हं केलं. मग रिसीव्हरवर हात ठेवून मला विचारलं, "अर्जदार कोण?"

"माझी बायको."

"त्या आता..."

"वारली."

त्यांनी फोन ठेवला आणि नाक पुसलं. "अर्जदार हयात नसेल तर अर्ज आपोआप बंद होतो. हा चौदा तारखेला बंद झालाय. त्यांच्याकडे मृत्यूचा दाखला पोहोचलाय."

"तो मीच पाठवला," मी म्हटलं.

 मी विचारलं, "माझ्या नावावर नाही होणार?"

"तुम्ही रक्ताचे नाही ना."

"अकरा वर्षं झालीत साहेब."

"कायदाच तसा आहे," बाई म्हणाल्या.

"कायदे तुम्हीच करता ना?" बेकरीवाली म्हणाली.

बाईंनी खाली पाहिलं. "मला खरंच वाईट वाटतंय," त्या म्हणाल्या. वाटतही असावं. बाहेर पुढची मंडळी येऊन बसली होती, त्यांच्या खोकण्याचे आवाज येत होते.

मी म्हटलं, "निदान पत्रं परत द्या." सचिव म्हणाले की ती आता दप्तरात गेली, देता येत नाहीत. वाटलं तर एकाची प्रत काढून देतो. मी गठ्ठ्याच्या तळाकडची सात बघितली. पहिल्यात ओळी सरळ होत्या. मग त्या उजवीकडे उतरायला लागल्या. सातव्यात शेवटचे शब्द कागदाच्या कोपऱ्यात जाऊन एकावर एक बसले होते. मी सातवं दिलं. पेन्सिलीचं असल्यामुळे प्रतीत काहीच उमटलं नाही. फक्त खाली सही करणाऱ्याचं नाव, कारण ते पेनाने होतं.

सचिवांनी यंत्र गडद करून पुन्हा काढून बघितली. तीही तशीच.  "पेन्सिल येत नाही," म्हणाले.

खाली बिस्किटांचा पुडा परत मिळाला. बेकरीवालीने मोजली नाहीत. पोस्टमन पायरीवरच बसला. "मीच तुम्हाला यादी करून दिली," म्हणाला. मी म्हटलं, "आणि मीच पाठवली. चल, ऊठ." तो बराच वेळ उठला नाही.

घरी शेल्फवर हिच्या नावाची पाकिटं साठली होती. मी ती उघडत नव्हतो, नाव तिचं होतं म्हणून. त्या संध्याकाळी उघडली. तिसरं पाकीट परवानग्यांच्या कार्यालयाचं होतं. अर्ज बंद करण्यात येत आहे. हरकत असल्यास तीस दिवसांच्या आत अर्जदाराने स्वतःच्या सहीने कळवावी. मी ते दोनदा वाचलं. मग घडी घालून कपाटाच्या दाराला चिकटवलं, बाकीच्यांच्या खाली.

शुक्रवारी कायदा मंजूर झाला. शनिवारी आम्ही एका औषधाच्या दुकानाची काच बसवायला नेली.  अर्ध्या वाटेत दुकानातला जोडीदार म्हणाला, "काका, खाली टेकवू जरा." आम्ही काच गोधडीवर टेकवली. "पोस्टमनने सांगितलं मला," तो म्हणाला. "मला काल आनंद झाला होता. आता काय करू त्याचं, कळत नाही."

"होऊ दे," मी म्हटलं. "तू आनंद आवरलास म्हणून हिच्या बहिणीला थोडीच येता येणार आहे?"

"काकूंनी शेवटपर्यंत डबा दिला मला."

"हो. उचल आता. ऊन येईल."

रविवारी दहाला मेहुणीचा फोन आला. तिने आधी मी काय खाल्लं ते विचारलं, मग खोकल्याचं विचारलं. मग म्हणाली, "काय म्हणाल्या बाई?"

मी रात्रीपासून वाक्यं जुळवत होतो. ऐन वेळेला एकच आलं. "अर्ज बंद झाला. ताई गेली म्हणून. दाखला मी पाठवला होता."

पलीकडे तिने पाण्याचा नळ बंद केला. मला वाटलं ती रडेल. ती म्हणाली, "तुम्ही बरोबरच केलंत, भाऊजी. ताईनेही पाठवला असता."

"हो."

"पुन्हा पहिल्यापासून भरता येईल?"

"भरणार कोण?"

 तिच्याकडच्या रस्त्यावरून एक गाडी गेली, तिचा आवाज पूर्ण ऐकू आला. मग तिने विचारलं, "मग कोट देऊन टाकू का कुणाला?"

"ठेव," मी म्हटलं.

"कशाला, भाऊजी?"

मी रिसीव्हर कानाला तसाच धरून बसलो. तिनेही फोन ठेवला नाही. थोड्या वेळाने पलीकडे नळ पुन्हा सुरू झाला आणि ती भांडी विसळायला लागली.