पाणमांजराचा डोळा

“डोळा मऊ आहे,” अप्पा म्हणाले. “परत जा.”

मी त्यांच्या हातातून फोटो घेतला. लव्हाळ्यातून ओल्या अंगानं बाहेर आलेलं पाणमांजर क्षणभर माझ्याकडे बघत थांबलं होतं. त्यासाठी मी कितीतरी रविवार गुडघाभर चिखलात बसून काढले होते, आणि अप्पांनी चहा निवायच्या आत निकाल लावून टाकला. मऊ म्हणजे आमच्या धंद्यात धूसर. मला तर तो डोळा चांगला लखलखीत दिसत होता.

“अप्पा, पापणीचे केस मोजता येतायत हो.”

“मोज मग,” ते म्हणाले आणि कपाकडे हात नेला.

आमचा स्टुडिओ म्हणजे पुढे काउंटर, मध्ये स्टूल आणि दिवे, आणि पडद्यामागे अप्पांची खोली. खिडकी एकही नाही. उजेड आपल्या हुकमातला हवा म्हणून अप्पांनी होती ती बुजवून टाकली. अप्पा जिन्यावरून पडले तेव्हा मी दोन महिन्यांसाठी म्हणून काउंटरवर बसले, ती बसलेच. थोरला भाऊ दुसऱ्या गावी सुटला, त्याला फोनवरून काळजी करायची सोय झाली. मी लोकांना हनुवटी खाली, खांदे सरळ, हसू नका, असं सांगत पन्नाशीला आले. पासपोर्टच्या फोटोत हसायची बंदी आहे हे एक बरं, नाहीतर मला ते कुणाकडून करवून घ्यावं लागलं असतं.

रविवारी सकाळी मात्र शटर बंद. तेवढी एक सकाळ माझी. नदीवर जायचं, मिळेल ते टिपायचं, आणि घरी आल्यावर पोस्टकार्डाएवढी प्रत काढून अप्पांच्या हातात द्यायची. स्क्रीनवर ते बघत नसत. “स्क्रीन खोटं बोलते, कागद बोलत नाही,” म्हणत. मान वाकडी करून, फोटो एका बाजूला तिरका धरून ते बराच वेळ बघायचे. त्या बघण्याचा मला एवढा धाक होता की मीही हल्ली फोटो बघताना मान वाकडी करायला लागले होते. पूर्वी कधीमधी ते “ठीक आहे” म्हणायचे, आणि तो दिवस मला सणासारखा जायचा. गेल्या दोन वर्षांत एकदाही म्हणाले नव्हते. मला वाटायचं, माझाच हात उतरला.

या दोन वर्षांत मी कुणाला काही दाखवलं नाही. फक्त दातांचे डॉक्टर यायचे त्यांच्या छंदाचे फोटो छापून घ्यायला. बगळ्यांवर त्यांचा फार जीव, आणि बगळे त्यांच्या फोटोत नेमके उडून गेलेले असायचे.

“ताई, खरं सांगा हं. मी लोकांचे दात उपटतो, मला दुखत नाही.”

मग मी खरं सांगायचे. मागची फांदी बगळ्याच्या डोक्यातून उगवलीये. उजेड पाठीमागून घेतलाय. डोळा मऊ आहे. बोलता बोलता मला ऐकू यायचं की हे सगळं अप्पांचं आहे, शब्दच काय, आवाजाची पट्टीसुद्धा. डॉक्टरांचा चेहरा पडायचा, मग ते हसायचे आणि पुढच्या आठवड्यात नवे बगळे घेऊन हजर. मला त्यांचा हेवा वाटायचा. त्यांना कुणी “परत जा” म्हणालं तर ते खुशाल जायचे. मला ते दोन शब्द ऐकले की दार लोटून घेतल्यासारखं व्हायचं.

वाचनालयात निसर्गाच्या फोटोंचं प्रदर्शन भरायचं होतं आणि डॉक्टर त्याच्या मंडळात होते. एकदा काउंटरवर राहिलेलं पाणमांजर त्यांनी पाहिलं, आणि तेव्हापासून पिच्छाच पुरवला.

“हे भिंतीवर लागलंच पाहिजे. आत्ता छोटी प्रत द्या, जागा धरून ठेवतो. मोठी नंतर करू.”

“अप्पांनी पास केलेलं नाही.”

“तुमचं वय काय, ताई?”

“तुमच्या दवाखान्यात लिहिलेलं आहे.”

मी परत गेले. दोन रविवार गेले, पाणमांजर काही आलं नाही. शेवटी तोच फोटो मी आणखी जपून छापला. मुदतीचा शेवटचा दिवस शुक्रवार होता. डॉक्टरांनाही पासपोर्ट नव्यानं करायला आदल्या दिवशी काढलेले फोटो त्याच दिवशी हवे होते. दोन्ही कागद एकाच मापाचे, मशीनमधून पाठोपाठ निघालेले. मी ते दोन पाकिटांत घातले, एक अप्पांच्या हातात ठेवलं, एक काउंटरवर. पुन्हा नापास झालं तर हा नाद सोडायचा, असं मी मनाशी ठरवूनच टाकलं होतं.

डॉक्टर आले. त्यांनी पाकीट उघडलं आणि भुवया वर नेल्या.

“ताई, मिशा छान आल्यात, पण हा मी नव्हे.”

पाणमांजर त्यांच्या हातात होतं. म्हणजे आत अप्पांकडे डॉक्टरांचे आठ चेहरे गेले होते, एका कागदावर, दोन ओळींत, पांढऱ्या पार्श्वभूमीवर. मला हसू फुटलं. मी पडद्याकडे वळणार, तेवढ्यात आतून अप्पांचा आवाज आला.

“छबू, पांढरं फार झालंय. धुकं होतं का?”

मी जागच्या जागी थांबले.

“धुकं असलं की जनावर उठून दिसत नाही. आणि शेपूट कापलीस. किती वेळा सांगितलं, शेपटीला जागा सोडावी. डोळा तर मऊच आहे.”

डॉक्टर आधी हसले. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि त्यांचं हसू मावळलं.

“कधीपासून?” त्यांनी हलक्या आवाजात विचारलं.

“मला माहीत नाही हो,” मी म्हणाले. “ते स्वतःची दाढी करतात. चहा ओततात. पावलावरून गिऱ्हाईक ओळखतात.”

“नजरेतलं मधलं जातं कधीकधी. कडेचं दिसत राहतं. माझ्या आईचं झालं होतं. तीही अशीच मान वाकडी करायची.”

दोन वर्षं. मला इतका राग आला की कानशिलं तापली. दोन वर्षं मी त्या मऊ डोळ्यासाठी चिखलात बसले, रविवारमागून रविवार, आणि हे न बघता मला परत पाठवत होते. माझ्या हाताला काही झालं नव्हतं. मी पडदा सारून तरातरा आत गेले.

अप्पा खुर्चीच्या टोकावर बसले होते, कागद दोन्ही हातांनी धरून, चेहरा भिंतीकडे. डॉक्टरांचे आठ चेहरे उलटे होते.

“अप्पा,” मी म्हणाले.

“रागावलीस?”

“तुम्ही कधी गेला होतात का हो नदीवर? सकाळचे?”

“मी कधी जाणार? रविवारी लग्नं असायची. कसं असतं पाणी?”

“हिरवं. अगदी गडद. ऊन आलं की काठाला पिवळं होतं.”

“आणि ते येतं कसं? एकदम?”

“आधी बुडबुडे येतात. मग नुसतं नाक.”

अप्पा मान हलवत ऐकत होते. त्यांच्या ओठांवर मला जरासं हसू दिसलं. एवढ्या वर्षांत त्यांनी मला चुका सोडून काही विचारलंच नव्हतं.

“मग परत जा,” ते म्हणाले. “आणि आलीस की पहिल्यांदा मला दाखव. दुसऱ्या कुणाला नको.”

आत्ता बोलायला हवं होतं. शब्द तयार होते, अगदी जिभेवर होते. पण मी ते बोलले असते तर या खोलीत त्यांच्याजवळ काय उरलं असतं? आणि न बोलले तर पुढचे सगळे रविवार माझे कसे जाणार, हेही मला तिथंच उभ्या उभ्या दिसलं. माझी सुटका नव्हती.

“तुम्हालाच दाखवते,” मी म्हणाले.

मी कागद घ्यायला हात पुढे केला. त्यांनी तो छातीशी धरला. “राहू दे माझ्याजवळ. अजून बघतो जरा.”

मी बाहेर आले. डॉक्टर पाणमांजर घेऊन तसेच उभे होते.

“न्या ते,” मी म्हणाले. “लावा भिंतीवर.”

“नक्की?”

“आत काही बोलू नका.”

त्यांनी ते खिशात, आतल्या बाजूला ठेवलं. “आणि माझे फोटो?”

“पुन्हा बसा.”

त्यांनी का म्हणून विचारलं नाही. कोट सारखा करून ते स्टुलावर बसले. मी दिवे लावले. स्टूल करकरलं, तसा पडद्यामागून आवाज आला.

“हनुवटी खाली घ्यायला सांग!”

डॉक्टरांची हनुवटी जिथे हवी तिथेच होती. त्यांनी पडद्याकडे एकदा पाहिलं आणि ती खाली घेतली.

“घेतली, अप्पा,” मी म्हणाले.

“हां. आता ठीक आहे.”

मी बटण दाबलं.