तळघरातला नॉर्मल माणूस

विज्ञान कोणा एका माणसावर अवलंबून नसतं. ते व्यक्तीच्या, आवडीनिवडीच्या, रागलोभाच्या पलीकडचं असतं आणि त्यातच त्याचं मोठेपण आहे. आमच्या संस्थेत ते काकांवर अवलंबून होतं. काकांना सर्दी झाली की तीन खात्यांचं संशोधन बंद पडायचं.

काका तळघरातल्या सामाईक प्रयोगशाळेत फ्लो सायटोमीटर चालवायचे. नावाने दबून जायचं कारण नाही. रक्तातल्या पेशींना रंग लावून या मशीनमध्ये सोडायचं. मशीन त्यांना बारीक नळीतून एकामागे एक नेतं, वाटेत प्रत्येकीवर लेझर मारतं आणि ती कशी चमकली त्यावरून पडद्यावर एक ठिपका देतं. सारख्या पेशींचे ठिपके एकत्र जमून त्यांचा पुंजका होतो. पेशी रांगेत कधी भांडल्याचं आठवत नाही. भांडणं व्हायची ती दाराबाहेर, मशीनच्या बुकिंगवरून.

आता, आजारी माणसाच्या पेशी बघायच्या तर शेजारी ठेवायला एक निरोगी माणूस लागतो. त्याला कंट्रोल म्हणतात. हे पद काकांकडे आलं ते उमेदवार कमी पडल्यामुळे. मशीन नवंकोरं आलं तेव्हा ते सेट करायला कंपनीच्या इंजिनियरने निरोगी रक्त मागितलं. संचालकांना मधुमेह होता, उपसंचालकांना ताप होता आणि आम्हा विद्यार्थ्यांना सुई बघूनच घाम फुटला होता. मशीन चालवायला नेमलेल्या काकांना ते चालू कुठून होतं हेही अजून ठाऊक नव्हतं, पण त्यांनी बाही वर केली. पडद्यावर तीन पुंजके उमटले, पुस्तकातल्या आकृतीपेक्षा सुबक. इंजिनियर म्हणाला, याला म्हणतात नॉर्मल. ते चित्र फ्रेम होऊन भिंतीवर लागलं. पाहुणे आले की काका ठिपक्यांकडे बोट दाखवून गंभीरपणे सांगायचे, "हा मी."

तेव्हापासून ते नॉर्मलकाका झाले. डावा हात रोगप्रतिकारवाल्यांचा, उजवा कर्करोगवाल्यांचा, अशी वाटणी ठरली. रक्ताच्या बदल्यात बिस्किटांचा पुडा. शोधनिबंधांत त्यांचा उल्लेख 'निरोगी व्यक्ती' असा व्हायचा. एकदा आमच्यातल्या एकाला परीक्षकांनी कळवलं की एक निरोगी व्यक्ती पुरत नाही, निदान तीन हव्यात. त्याने सोमवारचे काका, बुधवारचे काका आणि शुक्रवारचे काका असे तिघे पाठवले. तिघांत कमालीचं साम्य आहे, असं परीक्षकांनी कौतुकाने नमूद केलं.

काकांनी पदाची शान राखली. शिंकणाऱ्या माणसाशी ते दाराच्या फटीतून बोलत. जागरण नाही, बाहेरचं खाणं नाही. जरा कणकण वाटली तर सकाळी दारातच सांगत, आज मी नॉर्मल नाही, परवा या. काकूंचं मत वेगळं होतं. जो माणूस कुलूप लागलं का हे बघायला तीनदा परत येतो आणि तिसऱ्या खेपेला किल्ली आत ठेवून येतो, तो जर तिकडे नॉर्मल असेल तर बाकीच्यांना त्या संस्थेतून बाहेर तरी कसं सोडतात, असं त्या आल्यागेल्याला विचारत.

त्या खोलीची आठवण आली की अजूनही आधी नाकात ब्लीचचा वास येतो. दर पाळीनंतर मशीन आधी ब्लीचने आणि मग पाण्याने धुवायचं असे. मशीनवर काकूंनी खिडकीच्या जुन्या पडद्यातून शिवलेलं फुलाफुलांचं आच्छादन होतं. ते काढून घडी घालेपर्यंत कोणी बटणाला हात लावायचा नाही, हा काकांचा दंडक. दिवे मंद, पंप घरघरतोय आणि पडद्यावर ठिपके एकेक करून साचताहेत. मशीन सावकाश होतं. ठिपके पुरे होईपर्यंत बसून राहण्यावाचून इलाज नसे, त्यामुळे माणसं एकमेकांशी बोलायची. कोणाचा प्रबंध अडलाय, कोणाच्या वडिलांचं ऑपरेशन आहे, कोणाचं कोणाशी जुळतंय, सगळं वर पोचायच्या आधी तळघरात कळलेलं असायचं. मला माझी बायको तिथेच भेटली. ती माझ्या बुकिंगच्या वेळेत घुसली होती. अजूनही तिचं म्हणणं आहे की वेळ तिची होती.

मग बऱ्याच वर्षांनी नवं मशीन आलं. अठरा रंग, चार लेझर. नमुने ताटलीत लावून निघून जायचं, आकडे आपोआप मेलवर. खोलीत बसायला कोणी लागत नाही म्हणून खुर्च्याही कमी केल्या. जुनं मशीन महिनाअखेर भंगारात जाणार होतं, आणि योगायोगाने काकाही त्याच महिन्यात निवृत्त होणार होते. भंगाराची ऑर्डर आधी निघाली.

मी संस्थेतच राहिलो होतो, आणि प्रयोगशाळेची प्रमुख आता आमच्याच बॅचची एकजण होती. रक्त घ्यायला काकांच्या दंडाला पहिल्यांदा पट्टा बांधताना ती स्वतःच रडली होती. काका तिला चारचौघांत मॅडम म्हणत आणि एरवी अगं. ते तिच्याकडे गेले तेव्हा मी तिथेच बसलो होतो. नवं मशीन माझ्या रक्तावर लावून बघ, एवढंच त्यांचं मागणं होतं. तिने नवे नियम सांगितले. कर्मचाऱ्याचं रक्त आता घेता येत नाही, नोकरीच्या दबावाखाली दिलं असं धरतात. काका म्हणाले की मी निवृत्त झाल्यावर माझ्यावर कसला दबाव? हे तिला पटलं. बाहेरच्या दात्यांना संमतीने येता येत होतं.

मग काका हळू आवाजात म्हणाले, "अगं, उद्या मी नुसता येऊन इथे बसलो, तर लोक म्हणतील हे कोण? कंट्रोल आहे म्हटलं की कोणी उठवणार नाही."

तिने टेबलावरची पेनं सरळ केली आणि निवृत्तीनंतरचा पहिला सोमवार दिला.

त्या सोमवारी काकू बरोबर आल्या. आदल्या आठवड्यात काकांनी साखर सोडली होती, आणि त्या सकाळी ते कुलूप तपासायला एकदाही परत फिरले नव्हते. काकूंना हे लक्षण बरं वाटेना.

नव्या मशीनचा इंजिनियर तरुण होता आणि काकांना सर म्हणत होता, त्यामुळे काका आधीच अस्वस्थ होते. रक्त घेतलं, रंग लावले, नळी चढवली. क्षणभरात पडदा चौकटींनी भरला. प्रत्येक चौकटीत पुंजके, नेटके, आपापल्या जागी. काका एकेक चौकट बोटाने मोजत गेले आणि एका ठिकाणी थांबले. ती चौकट अर्धी रिकामी होती. जिथे पुंजका हवा तिथे काही नव्हतं.

इंजिनियरला वाटलं रंग घालायचा राहिला. त्याने दुसरी नळी तयार केली. चौकट तशीच. मग त्याने समजावून सांगितलं. पेशीवरच्या एका खुणेचा आकार काही थोड्या लोकांत जन्मापासूनच किंचित वेगळा असतो. खूण आपलं काम चोख करते, फक्त हा रंग तिला चिकटत नाही. जुन्या मशीनला मोजकेच रंग कळायचे, म्हणून तिथे कोणी कधी बघितलंच नव्हतं.

"तब्येतीला काहीच नाही, सर," तो म्हणाला. "फक्त कंट्रोल म्हणून चालणार नाही."

काकांनी बाही खाली घेतली आणि मनगटाचं बटण लावलं. मॅडम पडद्याकडे बघत राहिली. एवढ्या वर्षांत छापलेले किती निबंध तिच्या डोळ्यांपुढून गेले असतील कोण जाणे. माझे मात्र गेले.

बोलल्या त्या काकू. लग्न झाल्यापासून ज्या माणसाला त्यांनी एकदाही नॉर्मल म्हटलं नव्हतं, त्याच्या खुर्चीमागे उभ्या राहून त्या म्हणाल्या, "माणूस चांगला आहे. तुमचा रंग बदला."

इंजिनियर म्हणाला की रंग कंपनी ठरवते. तेव्हा काकूंनी पर्स खाली ठेवली आणि हात पुढे केला. ती चौकट कोणाचीच भरत नाही, मशीनच आंधळं आहे, हे त्यांना सिद्ध करायचं होतं. मॅडमने त्यांच्यापुढे संमतीचा कागद सरकवला. त्यांनी न वाचता सही केली.

चौकट भरली. नुसती ती नाही, सगळ्या अठराच्या अठरा रंगांत पुंजके असे आले की इंजिनियरने मोबाइल काढून फोटो घेतला. काकूंचा चेहरा उतरला. हे माझं नसेल, नळ्या बदलल्या असतील, असं त्या दोनदा म्हणाल्या.

काका बराच वेळ पडद्याकडे बघत होते. कामावरचा माणूस बघतो तसे.

"अगं, तुझं छान आलंय," ते म्हणाले.

आता काकू दर सोमवारी येतात. डावा हात रोगप्रतिकारवाल्यांचा, उजवा कर्करोगवाल्यांचा. काका त्यांची पर्स धरून एकुलत्या एका खुर्चीवर बसतात, आदल्या दिवशी काकूंनी काय खाल्लं ते विद्यार्थ्यांना सांगतात आणि शिंकणाऱ्याला बाहेर काढतात. हे कोण, असं कोणी विचारत नाही. कंट्रोलचे मिस्टर आहेत हे सगळ्यांना माहीत आहे. बिस्किटांचा पुडा घरी नेऊन दोघांत वाटतात असं ऐकतो.

गेल्या महिन्यात तळघरातला जुना फ्रीज काढला. त्याच्या मागच्या कप्प्यात जुन्या मशीनबरोबर आलेली एक छोटी डबी निघाली. तिच्यात प्लॅस्टिकचे बारीक मणी असतात, आणि मशीन सेट करायला तेवढे पुरतात, रक्त लागत नाही. डबीचं सील तोडलेलं नव्हतं. मुदत संपली होती.